साठवलेल्या पाण्यातला झिका : प्रस्तावना

जून २०२४ च्या अखेरीस पुण्यात एरंडवणे आणि मुंढवा अशा एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भागांत झिकाचे रुग्ण सापडले. पुढच्या काही आठवड्यांत पाषाण, आंबेगाव, कळस अशी नावे वाढत गेली आणि त्यांत खराडीही आली. खराडीत या बातमीनंतर बहुतेकांनी बोट दाखवले ते नदीकडे. त्याला कारण होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंढवा-केशवनगर-खराडी पट्ट्यात मुळा-मुठेच्या पात्रावर कीटकांचे उंचच उंच भोवरे उठले होते आणि त्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या होत्या. जलपर्णीने झाकलेले, सांडपाण्याने काळवंडलेले पात्र ज्यांच्या खिडकीखाली आहे त्यांचा संताप रास्तच आहे.

पण झिकाचा डास त्या पात्रात जन्मत नाही. नदीवर उठणाऱ्या अशा थव्यांत डासांसारखे दिसणारे पण न चावणारे किडे पुष्कळ असतात. घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री चावणारा क्युलेक्स डासही तिथे असतो. झिका पसरवतो तो एडिस इजिप्ती. पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा हा डास दिवसा चावतो आणि घराच्या आत, माणसाच्या सोबतीने राहतो. त्याला लागते साठलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. नदी उद्या निर्मळ झाली तरी हा डास खराडीतून हलणार नाही, कारण त्याचे ठिकाण टाकीत, पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत आणि अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या तळघरात आहे. झिकाविषयी मराठीत सविस्तर, सामान्य वाचकाला पेलेल असे पुस्तक हवे असे आम्हाला वाटले ते यामुळे. शत्रू कुठे आहे हेच नीट ठाऊक नसेल, तर भीती वाढते आणि उपाय मात्र भलतीकडे होत राहतात.

विषाणू तसा नवा नाही. १९४७ साली युगांडात, एंटेबेजवळच्या झिका नावाच्या जंगलात, पिवळ्या तापाचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी झाडांवर पिंजऱ्यांत ऱ्हीसस माकडे ठेवली होती. त्यांपैकी एकाला ताप आला आणि त्याच्या रक्तात अनोळखी विषाणू सापडला. पुढच्या वर्षी तो त्याच जंगलातल्या एडिस आफ्रिकानस डासांत मिळाला. डिक, किचन आणि हॅडो यांनी १९५२ साली हे काम प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, सगळ्यांच्या तोंडी असलेली एनआयव्ही. या केंद्राच्या सुरुवातीच्या काळातच स्मिथबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या रक्ताचे नमुने निरनिराळ्या विषाणूंसाठी तपासले. १९५४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार १९६ पैकी ३३ नमुन्यांत झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती. झिका आणि डेंग्यू एकाच कुळातले असल्यामुळे एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत दिसू शकतात, म्हणून या आकड्यांकडे पुढे सावधपणेच पाहिले गेले. तरीही झिका ‘परदेशातून आलेला पाहुणा’ आहे असे ठामपणे म्हणण्याआधी हे जुने काम आठवले पाहिजे. तो इथे फार पूर्वीपासून असू शकेल आणि आपण त्याला डेंग्यू समजत आलो असू, ही शक्यता गृहीत धरूनच या पुस्तकातले लेखन झाले आहे.

साठ वर्षे झिका हा सौम्य, जवळजवळ बिनमहत्त्वाचा ताप मानला गेला. २००७ साली प्रशांत महासागरातल्या याप बेटांवर मोठी साथ आली आणि तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लागण झाली, तरी जग फारसे हलले नाही. २०१३ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात साथीबरोबर गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतले बळ झपाट्याने जाण्याच्या विकाराचे रुग्ण वाढले आणि पहिली गंभीर शंका आली. मग २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या प्रसूतिगृहांत डोके असाधारण लहान असलेली बाळे जन्माला येऊ लागली. गर्भाच्या वाढत्या मेंदूतील पेशींवरच विषाणू हल्ला करतो हे पुढे स्पष्ट झाले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मागे घेतली. आणीबाणी संपली म्हणजे आजार संपला, असा अर्थ आपल्याकडे अनेकांनी काढला. खरे तर आजार आता कायमचा मुक्काम करून राहणार आहे, तेव्हा त्याच्यासाठी तात्पुरत्या नव्हे तर कायमच्या व्यवस्था उभ्या करा, असे त्या निर्णयाचे म्हणणे होते.

भारतात अहमदाबादच्या बापूनगर भागातले रुग्ण २०१७ मध्ये जाहीर झाले. २०१८ मध्ये जयपूर आणि मध्य प्रदेशात साथी आल्या, २०२१ मध्ये केरळ आणि कानपुरात. महाराष्ट्राचा पहिला नोंदलेला रुग्ण ३१ जुलै २०२१ रोजी जाहीर झाला, तोही शहरात नव्हे, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. गावात तापाचे रुग्ण वाढले म्हणून नमुने एनआयव्हीला गेले. चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांच्या गर्दीत झिका सापडला. तापाचा प्रत्येक रुग्ण ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून सोडून दिला असता तर बेलसरचे नाव कुणाला कळले नसते. आजार सापडला तो शोधणाऱ्यांमुळे. हा मुद्दा २०२४ च्या आकड्यांनाही लागू आहे. त्या वर्षी देशात नोंदलेल्या १५१ रुग्णांपैकी १४० महाराष्ट्रातले होते आणि त्यांतले बहुतांश पुण्याचे. पुणे इतर शहरांपेक्षा इतके रोगट आहे का? एनआयव्ही शहरातच आहे, महापालिकेने रुग्णांच्या आसपासच्या गरोदर स्त्रियांचे नमुने आग्रहाने गोळा केले आणि ते तपासले गेले. जिथे चाचणी झाली नाही तिथे शून्य दिसले. म्हणून सापडलेल्यांत गरोदर स्त्रियांचे प्रमाण मोठे दिसते त्यावरून त्यांनाच अधिक लागण होते असा निष्कर्ष काढू नये. चाचण्याच मुख्यतः त्यांच्या झाल्या होत्या.

आता संक्रमणाकडे येतो, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे. चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी रक्त लागते म्हणून. एडिसची मादी चटकन बिचकते. कुणी हात झटकला की ती दुसऱ्याला चावायला जाते आणि पोट भरेपर्यंत घरातल्या दोन-तीन माणसांना टोचून होते. एकाच घरात एकापाठोपाठ रुग्ण निघतात त्याचे एक कारण हे. रुग्णाचे रक्त घेतल्यानंतर तिच्या अंगात विषाणू वाढून लाळेपर्यंत पोहोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर ती मरेपर्यंत आजार पसरवू शकते. अंडी ती पाण्यात टाकत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.

आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, हे आरोग्य खात्याचे जुने सांगणे याच हिशेबावर उभे आहे. सात दिवसांत एकदा पाणी काढले तर अळीचा डास होत नाही. पण नुसते ओतून दिलेले पिंप पुरेसे नाही, आतून घासले पाहिजे, नाहीतर भिंतीला चिकटलेली अंडी पुढच्या भरणीची वाट पाहत बसतात. ‘घासा’ हा शब्द भित्तिपत्रकांवर फार क्वचित दिसतो. सगळ्या मोहिमेत तो सर्वांत मोठ्या अक्षरांत छापायला हवा असे मला मनापासून वाटते.

डासाशिवायही झिका पसरतो आणि याच बाबतीत तो डेंग्यूपेक्षा बराच वेगळा आहे. आईकडून गर्भाला, रक्त चढवताना, आणि शरीरसंबंधातून. पुरुषाच्या वीर्यात विषाणू बराच काळ टिकू शकतो, म्हणून लागण झालेल्या पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा आणि लागण झालेल्या स्त्रीने दोन महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो. बेलसरमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना याविषयी घरोघर बोलावे लागले. डासांच्या आजारासाठी निरोध कशाला, हा प्रश्न तिथल्या माणसाला पडणे अगदी स्वाभाविक होते. त्याचे उत्तर संकोच न करता, सभ्य आणि साध्या मराठीत देता आले पाहिजे. या पुस्तकातील संबंधित लेखाची भाषा त्यासाठी अनेकदा तासून घेतली आहे.

खराडीचे पाणी हा स्वतंत्र प्रकरणाचाच विषय आहे. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत आले, पाठोपाठ नगर रस्त्याच्या बाजूने आयटी पार्क उभे राहिले आणि शेते, वस्त्या, मळे यांच्या जागी वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या आल्या. इमारती आधी आल्या, जलवाहिनी मागून. पूर्व पुण्यासाठीची भामा आसखेड योजना २०२१ च्या पहिल्या दिवशी सुरू झाली, आणि तरीही टँकरचा आवाज इथल्या सकाळीतून गेलेला नाही. ज्याला पाणी कधी येईल याची खात्री नाही तो साठवतो. सोसायटी जमिनीखालच्या टाकीत आणि गच्चीवर साठवते, जुन्या वस्तीतले घर पिंपात आणि बादल्यांत, पत्र्याच्या खोल्यांतले बांधकाम मजूर मिळेल त्या ड्रममध्ये. बांधकामावर तर पाणी साठवणे हा कामाचाच भाग असतो. स्लॅब टणक व्हावा म्हणून त्यावर बांध घालून पाणी तुंबवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी भरते, तळघरात झरे लागतात. वरच्या मजल्यांवरच्या घरांत हेच काम फ्रीजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली आणि बाल्कनीतल्या कुंड्या करतात.

एडिसची झेप साधारण शे-दोनशे मीटरची. म्हणजे मजुरांच्या छावणीतला डास आणि शेजारच्या उंच इमारतीतला डास एकच आहे, त्यांच्यामध्ये कुंपणाची भिंत असली तरी. इथे मी माझे मत स्पष्ट मांडतो. ‘नागरिकांनी काळजी घ्यावी’ या एका वाक्यावर झिकाचा प्रतिबंध सोडणे अन्यायाचे आहे. नळाला रोज, ठरल्या वेळी, पुरेसे पाणी येणे हा या आजारावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो कोणत्याही घराच्या हातात नाही. मजुराने ड्रम उघडा ठेवला म्हणून त्याला दोष देण्याआधी त्याला झाकण मिळाले होते का, नळ मिळाला होता का, हे विचारले पाहिजे.

डासनियंत्रणाच्या विचारांचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे. १८८१ मध्ये हवानाच्या कार्लोस फिनले यांनी पिवळा ताप डासातून पसरतो असे मांडले. जवळजवळ वीस वर्षांनी ते सिद्ध झाल्यावर अमेरिकी लष्करातले डॉक्टर गॉर्गस यांनी त्याच शहरात घरोघरची भांडी, टाक्या, हौद तपासून रोग आटोक्यात आणला. फ्रेड सोपर यांनी ब्राझीलमध्ये याला लष्करी शिस्त दिली. प्रत्येक निरीक्षकाला ठरलेला भाग, ठरलेली वेळ, आणि वरून दुसऱ्याची तपासणी. १९५८ मध्ये ब्राझील एडिस इजिप्तीमुक्त म्हणून जाहीर झाला. मोहीम सैलावली, शहरे वाढली, डास परतला. त्याच देशात पुढे झिकाची शोकांतिका घडली. दुसरी विचारधारा कीटकनाशकांची. डीडीटीपासून आजच्या धुरळणीपर्यंत. धूर लोकांना दिसतो, काही केल्याचे समाधान देतो, म्हणून नगरसेवक त्याची मागणी करतात. पण घराच्या आत, पलंगाखाली, पडद्यामागे बसलेल्या एडिसपर्यंत रस्त्यावरचा धूर फार थोडा पोहोचतो, आणि अळ्यांना तो काहीच करत नाही. साथीच्या ठिकाणी घरात केलेल्या फवारणीला अर्थ आहे; बाकी धुराला औषध मानण्याची सवय सुटायला हवी.

तिसरी वाट जैविक उपायांची. हौदात गप्पी मासे सोडणे आपल्याकडे जुने आहे आणि मोठ्या, कायम भरलेल्या पाण्यात ते चांगले काम करतात. अलीकडे वोल्बाकिया नावाच्या जिवाणूकडे लक्ष लागले आहे. हा जिवाणू अंगात असलेला एडिस विषाणू सहज पसरवू शकत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू सुमारे ७७ टक्क्यांनी कमी आढळला; पुदुच्चेरीतल्या आयसीएमआरच्या संस्थेनेही भारतीय हवामानाला साजेशी वाणे तयार केली आहेत. आशा वाटावी असे हे काम आहे. मात्र मुद्दाम डास सोडायला आलेल्या माणसाला आपली सोसायटी दार उघडेल का, याचा विचार प्रयोगशाळेत नव्हे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत करावा लागेल.

उपचारांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे आणि ते लपवू नये. झिकावर विशिष्ट औषध नाही, लस नाही. लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना काही जाणवतही नाही. उरलेल्यांना ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी, आणि आठवडाभरात बरे. विश्रांती, भरपूर पाणी, पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान आरटी-पीसीआरने होते, पहिल्या आठवड्यात रक्तातून आणि साधारण दोन आठवड्यांपर्यंत लघवीतून. पुढे केवळ प्रतिपिंडांची चाचणी उरते आणि तिथे डेंग्यूशी गल्लत होते. म्हणून वेळ महत्त्वाचा.

खरे वैद्यकीय काम आहे ते गरोदर स्त्रीच्या बाबतीत. गरोदरपणात लागण झालेल्या स्त्रियांच्या बाळांपैकी अंदाजे ५ ते १५ टक्क्यांत झिकाशी संबंधित व्यंग किंवा गुंतागुंत आढळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बहुसंख्य बाळे निरोगी जन्मतात. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून हादरलेल्या कुटुंबाला हे पहिल्याच भेटीत, शांतपणे सांगणारा कुणीतरी हवा. जुलै २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सूचना केली ती याच दिशेची होती : गरोदर स्त्रियांची तपासणी आणि लागण झालेल्यांच्या गर्भाच्या वाढीवर सोनोग्राफीने सतत लक्ष. पण सोनोग्राफीला जायला सुट्टी लागते, पैसे लागतात, सोबत कुणीतरी लागते. आयटीतल्या मुलीला यांतले बरेच मिळते. तिच्या घरी कामाला येणाऱ्या गरोदर बाईला मिळतेच असे नाही. आणि जन्मताना निरोगी दिसलेल्या बाळाचीही नजर, ऐकू येणे, बोलणे पुढची काही वर्षे तपासत राहावे लागते. हे काम आपल्याकडे सर्वांत दुबळे आहे. साथ ओसरली की वर्तमानपत्रातला मजकूर संपतो आणि आई एकटी उरते.

पुण्याला साथीची आठवण फार जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती झाली, लोकांनी रुग्ण लपवले, प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच आजाराने त्या गेल्या. मुंढवा खराडीच्या समोरच, नदीपलीकडे आहे. आज महापालिकेचा कीटक समाहारक किंवा आशा सेविका टाकीत डोकावायला दारात येते, तेव्हा तिच्यामागे या दोन्ही परंपरा उभ्या असतात. दंडाच्या नोटिशीला जागा आहे. बेफिकीर विकासकाला ती बजावलीच पाहिजे, आणि नुसती बजावून न थांबता दंड वसूल केला पाहिजे. मात्र घरोघरच्या कामाला दंडापेक्षा ओळख आणि विश्वास अधिक लागतो, आणि ती ओळख तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांनी इतकी वर्षे कमावलेली आहे. या पुस्तकात त्यांच्या अनुभवांना वैज्ञानिकांच्या लेखांइतकीच जागा दिली आहे, कारण कुठल्या गल्लीत कुठला ड्रम पुन्हा भरला जातो हे त्यांनाच ठाऊक असते.

पुस्तकाची मांडणी विषाणूपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून प्रसूतिकक्षापर्यंत अशी आहे, पण वाचकाने क्रमानेच वाचावे असा आग्रह नाही. घरात गरोदर स्त्री असेल तर शेवटून सुरुवात करावी. सोसायटीच्या कार्यकारिणीवर असाल तर टाक्या आणि तळघरांवरचे प्रकरण आधी वाचावे आणि सभेला जाताना सोबत न्यावे. विज्ञान सोपे करताना ते पातळ होऊ नये याची काळजी लेखकांनी घेतली आहे. जिथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत. डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचे उल्लेख सर्वत्र येतात, कारण डास तोच आहे. २०२४ मध्ये पुण्याने झिकाबरोबर चिकुनगुन्याचाही मोठा मार सोसला, आणि सुजलेले सांधे घेऊन महिनोन्महिने कामावर जाणारी माणसे खराडीत आजही आहेत.

पहिल्या आवृत्तीच्या प्रती आम्ही प्रथम महापालिकेच्या दवाखान्यांतील आशा सेविकांना, बांधकामांवरच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांच्या सचिवांना देणार आहोत. त्यांनी चुका दाखवाव्यात, आपल्या भागातले पाणी कुठे साठते ते लिहून कळवावे. येत्या जूनच्या आधी ते हाती आले तर दुसऱ्या आवृत्तीत खराडीचा नकाशा आजच्यापेक्षा अधिक खरा असेल.